शिट्टीबाईंनी तळं बंद केलं

तळ्यावर येणाऱ्या निम्म्या लोकांना त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ते आठवायची कधी गरज पडली नव्हती. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी, आणि आवाज असा खणखणीत की पलीकडच्या काठावरची बदकंसुद्धा माना वळवायची. म्हणून त्या शिट्टीबाई. नगरपालिकेच्या हजेरीपटावर त्यांच्यापुढे 'जीवरक्षक' असं लिहिलेलं असे. तेवीस वर्षं त्या तळ्याच्या धक्क्यावर उभ्या होत्या.

तळं तसं फार मोठं नव्हतं. एका अंगाला दगडी बांध, त्यावर फिरायची वाट. दुसऱ्या अंगाला लव्हाळी माजलेली खाडीसारखी खोबण. आणि मधे उथळ पाण्यात नारिंगी गोळ्यांची दोरी ताणलेली. दोरीच्या अलीकडे पोहायचं, पलीकडे बोटी. गावाला दुसरी मोकळी जागाच नव्हती, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी अख्खं गाव तिथे लोटायचं आणि अख्ख्या गावाला शिट्टीबाईंचे नियम पाळावे लागायचे.

नियम थोडेच होते, पण त्यात सूट नव्हती. बोटीत पाय टाकायच्या आधी लाइफ जॅकेट, तेही तिन्ही पट्टे लावून. कुणी छाती फुगवून म्हणालं, "मला पोहता येतं हो बाई," की त्या म्हणायच्या, "तुम्हाला येतं, पण बोटीला कुठे माहीत आहे? ती उलटताना विचारत नाही." कुणी झुलत झुलत धक्क्यावर आला, तर त्याला हाताला धरून बाकावर बसवायच्या. "आधीच एवढं पोटात गेलंय, आता आणखी पाण्यात कशाला जाता?" आणि आयांना एकच सांगणं: मूल हाताच्या अंतरावर हवं, मोबाइलच्या अंतरावर नाही.

तेवीस वर्षांत त्यांनी सोळा जणांना पाण्यातून ओढून काढलं होतं. सतरावा हाती लागला नव्हता. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत, आणि लोकही विचारत नसत. पण दोरीच्या पलीकडे कुणाचं डोकं दिसलं की त्यांचा चेहरा असा काही पांढरा पडे, की जुनी माणसं आपणहून ओरडायची, "अरे, मागे ये! बाईंचा जीव घेशील."

घरी त्या, त्यांचे यजमान, आणि शनिवार-रविवारी येणारी नात. यजमान प्लंबर. खिशात कायम एक पाना, म्हणून सगळ्यांचे पानामामा. आता गुडघे गेल्यामुळे मोठी कामं सोडली होती, पण शेजारीपाजारी कुणाचा नळ गळला की हाक यायचीच. तळ्यावरच्या बायकांच्या खोल्या आणि संडास, तेही मामांच्याच हातचं काम. त्याआधी बायका चादर धरून एकमेकींच्या आडोशाने कपडे बदलायच्या. शिट्टीबाईंनी सहा वर्षांत अकरा अर्ज दिले, साहेबांच्या दारात उभ्या राहून पाय दुखवून घेतले, तेव्हा कुठे चौदा वर्षांपूर्वी ते बांधकाम झालं. त्यांच्या नोकरीत त्यांना अभिमान वाटावा अशा दोनच गोष्टी होत्या: एक ते सोळा जण, आणि दुसरी त्या खोल्या.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. वारा पडलेला. एका सोमवारी सकाळी शिट्टीबाई लव्हाळ्यांच्या बाजूने फेरी मारत होत्या, तर कडेच्या पाण्यावर हिरवी साय दिसली. शेवाळ त्यांना नवीन नव्हतं. शेवाळ काठीला लांब लांब धाग्यांसारखं गुंडाळून वर येतं. त्यांनी काठी घातली, वर काढली. धागे नव्हते. काठी नुसती रंगली होती, जणू कुणी हिरव्या तेलरंगाचा डबा पाण्यात उपडा केला होता. वासही वेगळाच, बंद तळघरासारखा.

त्यांनी काचेची बरणी भरून बोटवाल्याच्या टपरीच्या फळीवर ठेवली. दुपारपर्यंत बरणीतलं पाणी खाली नितळ झालं आणि वर बोटभर जाडीचा हिरवा थर चढला. खात्याच्या एका जुन्या पत्रकात त्यांनी हे वाचलेलं होतं. हे साधं शेवाळ नव्हे. यातलं काही विषारी असतं, काही नसतं, आणि नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.

बोटवाला शेजारीच बोटीला रंगाचा शेवटचा हात देत होता. बारा बोटी, बाराही नव्याने रंगवलेल्या. गेली पंधरा वर्षं तो शिट्टीबाईंना ताई म्हणत होता, आणि नुसता म्हणायचा नाही, तर मानायचाही.

"ताई, पाणी हिरवं होतंच की उन्हाळ्यात."

"असं होत नाही."

"तुम्ही पण ना! राईचा पर्वत करता. दोनच तर महिने मिळतात आपल्याला."

मंगळवारी त्या बरणी घेऊन उद्यान खात्याच्या साहेबांकडे गेल्या. साहेबांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली वीसेक माणसांची व्हिजिटिंग कार्डं. त्यांनी बरणी काचेवर ठेवू दिली नाही, आधी खाली वर्तमानपत्र पसरलं.

"नमुना पाठवतो ना प्रयोगशाळेत. दहा दिवसांत कळेल."

"साहेब, दहा दिवसांत मधे रविवार येतो."

"बाई, तळं माझ्या सहीने उघडतं आणि माझ्या सहीने बंद होतं. उद्या अहवालात काही निघालं नाही, तर लोक कुणाला धरतील? मला. हातात कागद नसताना मी सही कशी करू?"

साहेब वाईट माणूस नव्हता. पण त्याचा कागदावर जेवढा विश्वास होता, तेवढा डोळ्यांवर नव्हता. शिट्टीबाई बरणी पदराआड धरून परत आल्या. त्यांनी लव्हाळ्यांच्या बाजूला आपल्यापुरती एक दोरी बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या, "तिकडे नका जाऊ." लोक बरं म्हणत आणि तिकडेच जात. सावली तिकडेच होती.

शनिवारी सकाळी घड्याळजी आले. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं हातभर रुंदीचं दुकान होतं. बायको गेल्यापासून त्यांच्या सोबतीला एक तपकिरी कुत्री होती, चावी नावाची. रोज सकाळी दोघं बांधावर फिरायची. घड्याळजी काठी फेकत, चावी पाण्यात उडी मारून ती आणून देई. त्या दिवशी शिट्टीबाई एका बापाला लाइफ जॅकेटचे पट्टे लावून देत होत्या. वळून पाहीपर्यंत चावी लव्हाळ्यांतून बाहेर येत होती, पोटाखालचे केस हिरवेगार. बाहेर येऊन ती उन्हात पसरली आणि जिभेने अंग चाटू लागली.

"तिला धुवा!" शिट्टीबाई धावत सुटल्या. "अहो, आधी नळाखाली धुवा तिला, चाटू देऊ नका!"

दोघांनी मिळून तिला नळाखाली धरलं. पण जे पोटात जायचं ते गेलं होतं. अर्ध्या तासात तिचे मागचे पाय लटपटू लागले. तोंडाला फेस आला. बोटवाल्याने आपल्या टपरीत ताडपत्री अंथरली, तिच्यावर तिला ठेवलं. तिला झटके येत होते आणि घड्याळजी तिच्या मानेखाली हात घालून म्हणत होते, "हं, हं, झालं, झालं." गुरांचे डॉक्टर येईपर्यंत खरंच सगळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, विषबाधा दिसते, पण कसली ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

त्या वेळी पाण्यात साठेक माणसं होती. शिट्टीबाई धक्क्याच्या टोकाला गेल्या आणि त्यांनी शिट्टी फुंकली ती थांबल्याच नाहीत. शेवटचं पोर काठावर येईपर्यंत फुंकत राहिल्या. मग फाटकाला साखळी लावली, एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहिलं, 'पाणी विषारी असू शकतं. आत जाऊ नका. पाळीव जनावरं नेऊ नका,' आणि तो पुठ्ठा तारेने बांधला. सही नाही, शिक्का नाही, हुकूम नाही.

बोटवाला साखळीकडे बघत राहिला. "ताई, उद्या रविवार आहे."

"माहीत आहे."

"एका कुत्र्यासाठी?"

त्यांनी पुठ्ठ्याची तार आणखी पिळली. तो आपल्या बोटींकडे निघून गेला, आणि त्या दिवसापासून त्याने ताई म्हणणं सोडलं. हाक मारायची वेळ आलीच, तर बाई म्हणायचा.

पुढचा आठवडा कसा गेला, ते त्यांचं त्यांना माहीत. रविवारी फाटकापुढे डबे, चटया, रबरी नळ्या घेऊन आलेली कुटुंबं उभी. शिट्टीबाई फाटकाला पाठ लावून प्रत्येकाला तेच सांगत होत्या. कुणी म्हणालं, "तुम्हाला अधिकार काय?" कुणी म्हणालं, "बाईंना उन्हात काम नको झालंय." एक आजोबा म्हणाले, "आम्ही लहानपणी हेच पाणी प्यायचो." काही पोरं मागच्या पडक्या भिंतीवरून आत शिरली, त्या धापा टाकत बांध ओलांडून गेल्या आणि त्यांना बाहेर काढून आल्या. साहेबांनी फोन करून बोलावून घेतलं, तोंडी झापलं आणि वर लेखी नोटीसही हातात दिली: आदेशाविना सार्वजनिक स्थळ बंद केल्याबद्दल खुलासा करावा. पण साखळी काढायला मात्र त्यांनी कुणाला पाठवलं नाही. कुत्र्याची बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

अहवाल शुक्रवारी आला. पाण्यात विष होतं, आणि मर्यादेच्या कितीतरी पट होतं. त्याच दुपारी साहेबांची सही झाली, पुठ्ठ्याच्या जागी छापील फलक लागला. शाबासकी कुणी दिली नाही, नोटीसही मागे घेतली नाही. शिट्टीबाईंना त्याचं फार काही वाटलं नाही. त्यांना वाटलं, आता निदान लोक समजून घेतील. लोकांनी समजून घेतलंही, पण तोंडावर कबूल कोण करणार?

प्रयोगशाळेतल्या मॅडम स्वतः पाहणीला आल्या. तरुण बाई, पायांत गमबूट, बोलणं मोजकं. दोघी लव्हाळ्यांच्या कडेने चालल्या.

"बाई, हे आपोआप होत नाही," मॅडम म्हणाल्या. "ऊन असतं, वारा नसतो, हे खरं. पण एवढं माजायला त्याला खायला लागतं. कुणीतरी या तळ्याला रोज जेवू घालतंय. माझा अंदाज विचाराल तर सांडपाणी. आणि तेही याच बाजूने."

या बाजूला शेत नव्हतं, घरं नव्हती. होत्या त्या बायकांच्या खोल्या आणि संडास. शिट्टीबाई म्हणाल्या, "त्यांचं पाणी मुख्य ड्रेनेजला जातं. आमच्या घरच्या माणसाने जोडलंय."

मॅडमनी पिशवीतून एक लहान बाटली काढून दिली. आत गडद लाल रंग. "मग बघायला काय हरकत आहे? उद्या सकाळी साहेबांना घेऊन येते. संडासात ओतायचं आणि पाणी सोडायचं. जिथे बाहेर पडेल तिथे दिसेल."

संध्याकाळी घरी आल्यावर शिट्टीबाईंनी बाटली ओट्यावर ठेवली. पानामामा स्टुलावर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होते.

"हे काय?"

"रंग आहे. उद्या संडासात ओतायचाय. मॅडमना वाटतंय, आपल्या खोल्यांचं पाणी तळ्यात जातं. म्हटलं, बघा हवं तर. आमच्या माणसाचं काम आहे ते."

मामांनी पट्टा घट्ट केला, पुन्हा सोडला. पुन्हा घट्ट केला. शिट्टीबाई भाजी चिरायला घेणार, तेवढ्यात ते म्हणाले, "रंग वाया घालवू नकोस."

"म्हणजे?"

"तळ्यातच जातं ते."

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मुख्य लाइन आपल्या चेंबरपेक्षा हातभर उंच निघाली," मामा जमिनीकडे बघत सांगू लागले. "पाणी काय चढ चढतं? पंप बसवायला हवा होता. कंत्राटदार म्हणाला, पंप येईल पुढच्या महिन्यात, सोमवारी उद्घाटन आहे, तोवर पावसाळी गटाराला जोडून टाक. मी जोडलं."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात तो फोन उचलेना. मग त्याची कंपनीच बंद पडली."

"चौदा वर्षं झाली, अहो!"

"हो."

"तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

मामांनी एकदा वर बघितलं. "त्या दिवशी तू किती खूश होतीस, आठवतं? प्रत्येक बाईला हाताला धरून खोल्या दाखवत होतीस. उंचावरची खिडकी, आरसा, खुंट्या. सहा वर्षं झगडलीस त्यासाठी. मी काय सांगणार होतो?"

"माझ्यावर ढकलू नका."

"ढकलत नाही गं. का बोललो नाही ते सांगतोय. पहिल्या वर्षी भीती वाटली. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. मग सवय झाली."

शिट्टीबाईंना एकेक गोष्ट आठवू लागली. मामा कधी तळ्यात उतरत नसत. म्हणायचे, गार पाण्याने गुडघे धरतात. आणि नात पोहून घरी आली, की तिला दारातूनच मोरीत नेऊन साबणाने खसाखसा धुवायचे. ती रडायची, "आजोबा, मी पाण्यातूनच आलेय ना!" शिट्टीबाईंना त्यात माया दिसायची. म्हणायच्या, नातीचं कौतुक बघा किती!

"ती उतरायची तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

मामा गुडघ्याचा पट्टा गुंडाळू लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं कुणाच्या नावाने? त्यांनी भाजी चिरली, फोडणी दिली, दोन ताटं वाढली. दोन्ही ताटं तशीच राहिली.

सकाळी त्या बाटली घेऊन निघाल्या, तर मामा दारात चपला घालून उभे.

"मी येतो. चेंबर कुठे आहे ते नकाशात नाही. मलाच ठाऊक आहे."

रंग ओतलाच. शिट्टीबाई म्हणाल्या, माणसाच्या शब्दावर साहेब काही लिहायचे नाहीत, त्यांना डोळ्यांनी दिसू दे. वीस मिनिटं सगळी लव्हाळ्यांपाशी उभी राहिली. साहेब घड्याळ बघत होते. मग लव्हाळ्यांच्या बुडाशी, गाळातून, गुलाबी धार निघाली आणि हिरव्या पाण्यात पसरत गेली. दिसायला सुंदर होती.

"हे जोडकाम कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं," मामा म्हणाले. आणि भिंतीच्या कोपऱ्याला वीतभर मातीखाली पुरलेलं झाकण पान्याने ठोकून दाखवलं.

साहेबांनी कचेरीत जाऊन जुनी फाइल काढली. तीत स्वच्छ लिहिलेलं होतं: मुख्य वाहिनीस जोडणी पूर्ण, काम समाधानकारक. खाली आधीच्या साहेबांची सही. आपला सगळा भरवसा ज्यावर होता, तो कागद साहेब बराच वेळ नुसता बघत राहिले. त्या दिवसापासून शिट्टीबाईंशी बोलताना त्यांचा आवाज खाली आला.

चौकशी झाली. मामांचा परवाना रद्द झाला. कंत्राटदार सापडला नाही, आधीचे साहेब हयात नव्हते. त्यामुळे हाताला लागलेला एकटा माणूस म्हणजे पानामामा. चौकशीच्या खोलीत शिट्टीबाई उठून म्हणाल्या, "अर्ज माझे होते. घाई माझी होती. तेही लिहून घ्या." टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, तो प्रश्न नाहीये," आणि त्याने ते लिहून घेतलं नाही.

बातमी छापून येणार हे आदल्या दिवशीच कळलं. शिट्टीबाईंना पहिलं आठवलं ते घड्याळजींचं दुकान. "वर्तमानपत्रातून कळायच्या आधी मी सांगून येते त्यांना," त्या म्हणाल्या.

"मी जातो," मामा म्हणाले.

त्या समोरच्या फुटपाथवर थांबल्या. दुकानाच्या काचेतून दिव्याखाली वाकलेलं घड्याळजींचं डोकं दिसत होतं, डोळ्याला भिंग लावलेलं. मामा आत गेले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. भिंग एकदा डोळ्यावरून निघालं आणि टेबलावर आलं, एवढंच दिसलं. मामा बाहेर आले तेव्हा पायरी उतरताना त्यांनी दाराची चौकट धरली.

"काय म्हणाले?"

"काही नाही. बसायला खुर्ची दिली."

त्याउपर त्यांनी कधी काही सांगितलं नाही. घड्याळजी पुढे फिरायला नदीच्या वाटेने जाऊ लागले, एकटेच.

गावाला मात्र बोलायला विषय मिळाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बायको तळं राखते आणि नवरा त्यात घाण सोडतो. बायकोला ठाऊक नसेल होय? एके काळी चादरीआड कपडे बदलणाऱ्या बायकाही त्यात होत्या, हे शिट्टीबाईंना जास्त लागलं. शेजारच्यांनी नळ गळला तर दुसरा प्लंबर आणला. नातीच्या आईने, म्हणजे त्यांच्या लेकीने, दोन महिने पोरीला पाठवलं नाही. फोनवर म्हणाली, "आई, मला बाबांशी काय बोलावं तेच कळत नाही." शिट्टीबाई म्हणाल्या, "मलाही कळत नाही गं." घरात दोघं बोलत ती कामापुरती: दूध आलं का, दिवा घालव.

खोदकाम सुरू झालं तेव्हा एक अडचण आली. नकाशे सगळे खोटे होते. कुठला पाइप कुठून जातो, हे खात्यात कुणालाच सांगता येईना. दोन ठिकाणी खणलं, दोन्हीकडे कोरडी माती. तिसऱ्या दिवशी साहेबांनी निरोप धाडला, आणि मामा काठी टेकत गेले. परवाना नाही, मजुरी नाही. खड्ड्याच्या कडेला उलट्या बादलीवर बसून ते सांगत, "इथे वळण आहे. इथे सांधा आहे, जपून." ते सगळं पावसाळाभर चाललं. शिट्टीबाई धक्क्यावरून बघायच्या. एकदा त्या डबा घेऊन गेल्या आणि दुसऱ्या बादलीवर बसल्या. दोघांनी मुकाट्याने खाल्लं. पण बसल्या खऱ्या.

पंप बसला. लाइन मुख्य ड्रेनेजला जोडली गेली, आणि या वेळी साहेबांनी स्वतः चेंबरमध्ये डोकावून मगच सही केली. पण चौदा वर्षांचं जेवण तळ्याच्या गाळात साचलेलं होतं. ते एका दिवसात पचणारं नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यातही पाणी हिरवं झालं, थोडं कमी. त्या वर्षी फक्त बोटी सुरू झाल्या. बोटवाल्याने दरम्यान टायरच्या दुकानात काम धरलं होतं आणि चार बोटी विकल्या होत्या. आठ घेऊन तो परत आला. पहिल्या दिवशी त्याने लाइफ जॅकेटांचा गठ्ठा शिट्टीबाईंपुढे आणून ठेवला आणि म्हणाला, "बाई, तीन फाटलीत, बाजूला काढा." काढताना त्यांनी पाहिलं, त्याने तिन्हींवर आधीच खडूने फुली मारली होती.

पोहायची परवानगी तिसऱ्या वर्षी मिळाली. मॅडम दर आठवड्याला नमुना नेत, आणि अहवाल फाटकावर लागे, म्हणजे कुणालाही वाचता यावा. पहिल्या रविवारी माणसं आली, पूर्वीच्या निम्मी. काही जणी आपल्या मुलांना गुडघाभर पाण्यापुढे जाऊ देत नव्हत्या. दुपारी एक धिप्पाड गडी दोरीखालून बुडी मारून पलीकडे निघाला, खोल पाण्याच्या रोखाने. हाका मारल्या तरी वळेना. शिट्टीबाईंनी लहान बोट सोडली आणि वल्ही मारत त्याच्या पुढ्यात आडवी घातली.

तो पाणी तुडवत थांबला. डोळ्यांवरचं पाणी पुसून त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हीच ना त्या? ज्यांच्या नवऱ्याने—"

"हो, तीच," शिट्टीबाई म्हणाल्या. "आता मागे फिरा."

तो जागचा हलेना. त्यांनीही बोट हलवली नाही. शेवटी तो काहीतरी पुटपुटला आणि दोरीकडे वळला. त्या त्याच्या मागोमाग, हाताच्या अंतरावर, काठापर्यंत आल्या.

संध्याकाळी मामा दारातच बसले होते.

"आज किती लोक होते?"

"होते बऱ्यापैकी."

"आणि पाणी?"

"पाणी ठीक होतं," त्या म्हणाल्या, आणि चपला काढून आत गेल्या.